नकाराची किंमत: साधनागट, मोकळी नाती आणि गटाने घ्यायची जबाबदारी

समजा, डोंगरपायथ्याच्या एका केंद्रात सात दिवसांचं निवासी ध्यानशिबिर चालू आहे. चौथा दिवस. मौन आहे, मोबाइल पहिल्याच दिवशी कार्यालयात जमा झालेत, शेवटची एसटी संध्याकाळी साडेपाचला गेली. जेवणानंतर एक सेवेकरी तिशीतल्या साधिकेच्या हातात घडी घातलेली चिठ्ठी ठेवतो: ‘साडेनऊला वर ये. तुझी तयारी झाली आहे.’ खाली गुरुजींची सही. ती जाते. आठ महिन्यांनी ती म्हणते, तिथे जे झालं ते मला नको होतं. गटातून येणारा पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘पण तू स्वतःच्या पायांनी गेलीस ना?’

प्रसंग बनवलेला आहे, पण तपशील मुद्दाम निवडले आहेत. कारण विचारायचा प्रश्न वेगळाच आहे: ती गेली नसती, तर तिचं काय गेलं असतं? फोन नाही, गाडी नाही, बोलायची बंदी. दीक्षा पुढच्या महिन्यात ठरलेली. जिच्या ओळखीने ती आली, ती मैत्रीण तिथेच सेवेला. घरी सांगावं तर ‘तरी म्हणत होतो’ ऐकायची तयारी हवी. नकार द्यायला एवढं सगळं मोजावं लागत असेल, तर होकाराला होकार म्हणण्याआधी थांबायला हवं.

हीच फूटपट्टी मोकळ्या नात्यांना लागते. पॉलिअ‍ॅमरी, म्हणजे सगळ्यांच्या माहितीने आणि संमतीने एकाहून अधिक जोडीदार असणं. आता एका फ्लॅटमध्ये चौघं राहतात, भाडेकरार एकाच्याच नावावर आहे, त्याच्याच कंपनीत दुसरी नोकरीला आहे आणि तिसऱ्याच्या घरी तो समलिंगी आहे हे माहीत नाही. इथे ‘आपण सगळे समान आहोत’ असं कितीही म्हटलं, तरी एकाचा नकार स्वस्त आणि तिघांचा महाग आहे. नातं चाकोरीबाहेरचं असण्यात काही बिघडत नाही. पाणी मुरतं ते एकाच माणसाच्या हातात प्रेम, छप्पर, पगार आणि आध्यात्मिक प्रगतीचा दाखला एकवटतो तिथे.

गटाची जबाबदारी म्हणजे काय, हे एका वाक्यात सांगायचं तर: नकाराची किंमत कमी ठेवणं, आणि ती कुणाकडून जबरदस्तीने वसूल झाली असेल तर भरून देणं.

ही कल्पना या नावाने आली ती अमेरिकेतून. ‘इन्साइट!’ ही कृष्णवर्णीय आणि इतर वर्णांच्या स्त्रियांची संघटना २००० साली उभी राहिली. पोलिसांकडे गेलं तर आपल्याच वस्तीवर वरवंटा फिरतो आणि न जावं तर मारणारा मोकाट, या कोंडीतून त्यांनी ‘सामूहिक जबाबदारी’चा विचार मांडला. ओकलंडमधल्या ‘क्रिएटिव्ह इंटरव्हेन्शन्स’ या गटाने २०१२ मध्ये त्याची भलीमोठी कार्यपुस्तिकाच काढली. आपल्याकडे कोंडी वेगळी, पण आहे. लग्नाशिवायचं, समलिंगी किंवा तिघाचौघांचं नातं असलेला माणूस पोलीस ठाण्याच्या पायरीवर अडतो, कारण जबाब लिहून होईपर्यंत घरी फोन गेलेला असेल ही धास्ती.

इथे मराठी वाचकाच्या मनात शंका येईल आणि ती यायलाच हवी: गटाने न्याय करायचा, म्हणजे जातपंचायतच की. महाराष्ट्राला त्याचा पुरेसा अनुभव आहे. म्हणूनच २०१६ चा सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा झाला आणि ३ जुलै २०१७ पासून लागू आहे; बहिष्कार घातला तर ३ वर्षांपर्यंत कैद, १ लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. फरक नीट समजून घ्या. पंचायत विचारते, कुणी कुणावर प्रेम केलं. आपण विचारतोय, कुणी कुणावर कुठली सत्ता वापरली. पहिला प्रश्न विचारायचा अधिकार गटाला नाही. सज्ञान व्यक्तींच्या संमतीच्या समलिंगी संबंधांवरचा गुन्हेगारीचा शिक्का सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ ला पुसला आणि २७ सप्टेंबरला व्यभिचाराचं कलमही रद्द केलं. लग्न कायम असताना दुसरं लग्न करणं मात्र बहुतेकांसाठी आजही गुन्हा आहे. ‘मोकळं नातं’ आणि ‘दुसरं लग्न’ यांची गल्लत करू नका. आणि तक्रार झालेल्या माणसाला शिबिर घेण्यापासून थांबवणं वेगळं, त्याच्या आईच्या दहाव्याला कुणी जायचं नाही असं फर्मान काढणं वेगळं. दुसऱ्या वाटेला गेलात की तुमचीच पंचायत झाली.

तक्रार कोणत्या पायरीवरची आहे

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. सरसकट सगळ्याला ‘शोषण’ म्हटलं की खऱ्या शोषणाचं वजन कमी होतं, आणि सगळं ‘तुमचं खासगी’ म्हणून सोडलं की कुंपण शेत खात राहतं.

सगळ्यात खालची पायरी म्हणजे दुखावणं. त्याचं प्रेम आटलं, तिला दुसरा आवडला, वाढदिवस विसरला. यात गटाचं काम चहा पाजण्यापुरतं.

त्यावरची, ठरलेलं मोडणं. नवा जोडीदार येण्याआधी सांगायचं ठरलं होतं, सांगितलं नाही. दर तीन महिन्यांनी लैंगिक आजारांची तपासणी करायची ठरलं होतं, केली नाही. दोघं बरोबरीचे असतील तर मध्यस्थ बसवून सुटतं. पण कंडोमबाबत खोटं बोलल्याचं कळलं तर चर्चा नंतर, निरोप आधी: ज्यांना धोका आहे त्यांना त्याच दिवशी सांगा. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं संपर्कानंतर ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात. ‘रविवारी निवांत बसून बोलू’ यात ती वेळ टळते.

तिसरी पायरी सत्तेच्या गैरवापराची. गुरू-शिष्य, शिक्षक-विद्यार्थी, नोकरी देणारा-करणारा, गटाचा संस्थापक आणि कालच आलेली मुलगी. इथे मध्यस्थी चालत नाही. मध्यस्थी म्हणजे दोघांनी थोडं थोडं मागे यायचं. जिला मागे यायला जागाच नाही तिला तसं सांगणं म्हणजे तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

चौथी, गुन्हा. जबरदस्ती, मारहाण, चोरून केलेलं चित्रण, धमकी. आणि कुणीही अठराच्या खालचं असेल तर इतर सगळ्या पायऱ्या बाद. पॉक्सो कायद्याखाली माहिती असणाऱ्या प्रत्येकाने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवणं हाच गुन्हा. ‘आम्ही आतल्या आत बघतो’ म्हणणारा तिथे आरोपीच्या रांगेत जातो.

शब्दांकडे कान

सत्ता दंडुका घेऊन येत नाही, ती शब्दांतून येते. साधनागटांत ते शब्द परंपरेचेच असतात, त्यामुळे ओळखू येत नाहीत. ‘समर्पण’ हा शब्द देवापुढे उच्चारला जातो तेव्हा त्याचा एक अर्थ असतो आणि बंद खोलीत माणूस स्वतःसाठी मागतो तेव्हा दुसरा. ‘हा तुझा अहंकार बोलतोय’, ‘ही परीक्षा आहे’, ‘प्रारब्ध संपतंय’, ‘बाहेर बोललीस तर ऊर्जा जाईल’, आणि सगळ्यांच्या वरचा हुकमी एक्का, ‘गुरुनिंदा’. या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे: तुमची शंका हाच तुमच्या चुकीचा पुरावा ठरतो. मोकळ्या नात्यांच्या गटांत भाषा इंग्रजी वळणाची, पण खेळ तोच. ‘तुझी असूया ही तुझी तू सोडवायची गोष्ट आहे’ हे वाक्य अर्धं खरं आहे. खोटं बोलणाऱ्याने ते म्हटलं की उरलेलं अर्धं काय, हे वेगळं सांगायला नको.

एक खास आपला प्रकार: ‘गेल्या जन्मी तू माझी पत्नी होतीस.’ हसू येईल, पण महाराष्ट्राच्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत याचा स्पष्ट उल्लेख आहे. अंगात विशेष शक्ती असल्याचं किंवा भक्त पूर्वजन्मी पत्नी, पती वा प्रेयसी असल्याचं भासवून लैंगिक संबंध ठेवणं हा गुन्हा; शिक्षा ६ महिने ते ७ वर्षं, दंड ५ हजार ते ५० हजार रुपये. दखलपात्र आणि अजामीनपात्र. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात खून झाला, त्यानंतर चारच दिवसांत या कायद्याचा अध्यादेश निघाला. तोवर मसुदा वर्षानुवर्षं पडून होता.

शांत काळात करायची कामं

तक्रार आल्यावर नियम करायला बसलात, तर प्रत्येक नियम कुणाच्या तरी बाजूचा दिसतो. म्हणून आधी.

पहिलं, खुर्च्या वेगळ्या करा. जो शिकवतो, तो खोल्या वाटणार नाही. जो हिशेब बघतो, तो दीक्षा कुणाला हे ठरवणार नाही. तक्रार ऐकणारी व्यक्ती गटाबाहेरची असेल, आणि तिचा फोन नंबर शिबिराच्या नोंदणी अर्जावरच छापलेला असेल. फोन जमा करून घेत असाल, तर कार्यालयाबाहेर कुणालाही न विचारता वापरता येईल असा एक फोन ठेवा. परत जायची सोय संध्याकाळनंतरही हवी. रिक्षावाल्याचा नंबर भिंतीवर लावायला काही खर्च येत नाही.

दुसरं, शिक्षक आणि साधक यांच्यातल्या प्रेमाचा नियम लिहून काढा. बंदीच घातली तर चोरून चालतं, मोकळीक दिली तर शिबिराचं स्थळसंशोधन होतं. कॅलिफोर्नियातल्या स्पिरिट रॉक ध्यानकेंद्राच्या परंपरेतल्या शिक्षकांचा नियम बघण्यासारखा आहे: शिबिरादरम्यान काहीही नाही, अविवाहित शिक्षकाचं साधकावर खरंच प्रेम जडलं, तर आधी साधक दुसऱ्या शिक्षकाकडे जातो, आणि शेवटच्या औपचारिक शिकवणीनंतर किमान तीन महिने जाऊ द्यायचे. आमच्या मते निवासी आश्रमासाठी तीन महिने फार कमी. तिथे वर्षभर हवं. मराठीत नियम असा लिहिता येईल:

‘शिकवण्याचं नातं चालू असताना शिक्षक साधकाशी प्रेमाचे वा शारीरिक संबंध ठेवणार नाही, साधकाने पुढाकार घेतला तरीही. तसं वाटू लागल्यास शिक्षक सात दिवसांत तक्रार ऐकणाऱ्या बाहेरच्या व्यक्तीला सांगेल आणि साधकाची शिकवणी दुसऱ्याकडे देईल.’

‘साधकाने पुढाकार घेतला तरीही’ हे शब्द गाळायचा आग्रह कुणीतरी धरेल. कोण धरतं, ते टिपून ठेवा.

तिसरं, कायद्याची समिती. ट्रस्टमध्ये दहा किंवा अधिक माणसं काम करत असतील, तर कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याखाली अंतर्गत समिती बंधनकारक आहे. ‘आमच्याकडे पगारी कुणी नाही, सगळे सेवेकरी’ ही पळवाट चालत नाही. कर्मचारी या शब्दाच्या व्याख्येत विनामोबदला, स्वेच्छेने काम करणारेही येतात. अध्यक्ष वरिष्ठ स्त्री, किमान निम्म्या स्त्रिया, एक सदस्य बाहेरच्या संस्थेची. शेवटच्या घटनेपासून तीन महिन्यांत लेखी तक्रार, कारण पटलं तर आणखी तीन महिने. चौकशी ९० दिवसांत. समेट फक्त तक्रारदार स्त्रीने मागितला तरच, आणि तो पैशांवर होऊ शकत नाही. दहापेक्षा कमी माणसं असतील, किंवा तक्रार खुद्द संस्थाप्रमुखाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं. हे शेवटचं वाक्य बऱ्याच विश्वस्तांनाही माहीत नसतं.

तक्रार आली

पहिल्या संभाषणात तीनच गोष्टी करायच्या. ऐकायचं, ‘आत्ता तू कुठे राहतेस, तिथे सुरक्षित आहेस का’ विचारायचं, आणि पुढे काय व्हावंसं वाटतं हे तिच्या किंवा त्याच्या शब्दांत लिहून घ्यायचं. तक्रारदार पुरुष किंवा ट्रान्स व्यक्तीही असू शकते. २०१३ चा कायदा फक्त स्त्रियांची तक्रार घेतो, गटाच्या प्रक्रियेवर ती मर्यादा नाही. ‘तो असं करूच शकत नाही’ आणि ‘आजच त्याला उघडा पाडू’ ही दोन्ही वाक्यं गिळायची.

मग नोंद. तारीख, वेळ, जागा, नेमके शब्द, आजूबाजूला कोण होतं, नंतर कुणाला सांगितलं. स्क्रीनशॉटमध्ये समोरच्याचा नंबर आणि तारीख दिसली पाहिजे. दोन प्रती, दोन ठिकाणी. व्हॉट्सअ‍ॅपवर संदेश आपोआप पुसले जाण्याची सोय चालू आहे का, ते त्याच क्षणी बघा. आणि काहीही पुढे पाठवू नका. लैंगिक अत्याचाराच्या गुन्ह्यात पीडितेची ओळख उघड करणं स्वतःच शिक्षापात्र आहे. मोठ्या ग्रुपवर नाव घेऊन आरोप केले, तर बदनामीचा दावाही लागू शकतो. त्याउलट, दखल घ्यायचा अधिकार असलेल्या व्यक्तीकडे सद्भावनेने केलेली तक्रार कायद्याने बदनामी ठरत नाही.

माणसं किती लागतात? तक्रारदाराच्या सोबतीला दोन-तीन, ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याच्याबरोबर काम करायला दोन-तीन, आणि दोन्हींमध्ये निरोप नेणारी एक. पाच ते सात. यातलं कुणीही तक्रार झालेल्या व्यक्तीचं आजी-माजी जोडीदार, पगारदार किंवा त्याच्याकडून दीक्षा घेतलेलं नको. एक कागद घेऊन गटातल्या नावांमध्ये रेघा मारून बघा, कोण कुणाबरोबर आहे वा होतं. वीस जणांच्या पॉली वर्तुळात रेघा मारून झाल्यावर बहुधा दोघंच मोकळी उरतात, आणि त्यातला एक कालच आलेला असतो. मग दुसऱ्या शहरातली माणसं बोलवा. पुण्याच्या गटासाठी नागपूरची चालतील, व्हिडिओ कॉलवर निम्मं काम होतं.

चौकशी चालू असेपर्यंत त्याने शिकवायचं नाही, तिच्याशी संपर्क ठेवायचा नाही, आणि संपर्क ठेवायला दुसऱ्यालाही पाठवायचं नाही. ही शिक्षा नव्हे, तात्पुरती सोय, असं लेखी द्या. त्याला आरोप लेखी मिळाले पाहिजेत, उत्तराला चौदा दिवस मिळाले पाहिजेत, बरोबर एक माणूस आणता आला पाहिजे. त्याची बाजू न ऐकता काढलेला निष्कर्ष टिकत नाही, आणि तो कोसळला की ढिगाऱ्याखाली तक्रारदारच सापडते.

मागण्या मोजता येतील अशा हव्यात. ‘त्याने बदलावं’ ही मागणी नव्हे, ती इच्छा. ‘बारा महिने शिबिर घेणार नाही. त्यानंतर वर्षभर साधकांना एकट्याने भेटणार नाही. आठवड्यातून एकदा समुपदेशकाकडे जाईल, स्वतःच्या खर्चाने. तक्रारदाराच्या बारा सत्रांचा खर्च देईल.’ समुपदेशक फक्त हजेरी कळवेल. आत काय बोललं गेलं ते विचारायचं नाही. पहिले तीन महिने पंधरवड्याला बैठक, मग महिन्याला. वर्षभर धरून चला. सहा आठवड्यांत मिटलेलं प्रकरण बहुतेक वेळा मिटवलेलं असतं.

माफीचा मसुदा वाचताना ‘जर’ शोधा. ‘माझ्या वागण्याने कुणाच्या भावना दुखावल्या असतील तर क्षमस्व’ यात दोष दुखावल्या गेलेल्या भावनांचा आहे. चालणारी माफी अशी असते: ‘मी शिबिरात शिकवत असताना मौनातल्या साधिकेला रात्री खोलीत बोलावलं. ती नाही म्हणू शकणार नाही हे मला कळायला हवं होतं. तिने सांगितल्यावर मी तिला खोटं ठरवलं. मी शिकवणं थांबवलं आहे.’ जे केलं ते, लपवलं ते, आणि आता काय करतोय ते. क्षमा मागितली म्हणजे क्षमा मिळालीच पाहिजे, ही सक्ती तिच्यावर नाही.

कुठे फसतं

अमेरिकेतल्या कृपालू योगकेंद्रात निवासी साधकांकडून ब्रह्मचर्याची अपेक्षा होती. केंद्राचे संस्थापक, मूळचे गुजरातचे अमृत देसाई, यांचे शिष्यांशी संबंध असल्याचं १९९४ मध्ये उघड झालं आणि त्यांना पायउतार व्हावं लागलं. लोकांना संबंधांपेक्षा जास्त बोचलं ते एकाला एक नियम आणि इतरांना दुसरा. वर अनेकांनी वर्षानुवर्षं तिथे जवळपास विनावेतन सेवा केली होती. बाहेर पडायचं तर हातात ना बचत, ना अनुभवाचा दाखला. नकाराची किंमत पैशांत मोजायची ती अशी. म्हणून निवासी सेवेकऱ्याच्या स्वतःच्या नावावर निदान तीन महिन्यांच्या खर्चाएवढी रक्कम बँकेत असावी, हा नियम कुठल्याही आचारसंहितेत सगळ्यात वर हवा.

तिबेटी बौद्ध गुरू सोग्याल रिनपोचे यांच्या ‘रिग्पा’ संस्थेची गोष्ट वेगळी. जुलै २०१७ मध्ये आठ ज्येष्ठ शिष्यांनी त्यांना लांबलचक पत्र लिहून मारहाण आणि लैंगिक शोषणाचे आरोप मांडले. ते महिन्याभरात पदावरून गेले. संस्थेने नेमलेल्या लंडनच्या वकिली कंपनीचा अहवाल सप्टेंबर २०१८ मध्ये आला. त्यात गुरूइतकंच बोट वरच्या फळीतल्या लोकांकडे होतं: काहींना माहीत होतं, त्यांनी थांबवलं नाही. खरं तर मार्च १९९३ मध्येच धरमशालेत दलाई लामांसोबत झालेल्या पाश्चात्त्य बौद्ध शिक्षकांच्या बैठकीनंतर निघालेल्या खुल्या पत्राने शिष्यांना सांगितलं होतं की शिक्षकाचं अनैतिक वागणं पक्कं माहीत असेल तर ते जाहीर करायला कचरू नका. पत्र होतं, पण संस्थांमध्ये ते पत्र घेऊन जायचं कुणाकडे, ती खिडकीच नव्हती. झाकली मूठ सव्वा लाखाची, या हिशेबाने चोवीस वर्षं गेली.

आणि गटाची प्रक्रिया कायद्याला पर्याय नाही. भारतीय न्याय संहितेत विश्वासाच्या किंवा अधिकाराच्या स्थानावरच्या माणसाने केलेल्या बलात्काराला किमान १० वर्षं आहेत. बलात्काराच्या व्याख्येत न बसणाऱ्या, पण अधिकाराच्या गैरवापराने मिळवलेल्या संबंधांना कलम ६८ खाली ५ ते १० वर्षं. शून्य क्रमांकाने गुन्हा कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो. शिबिर ज्या गावात झालं तिथे परत जायची गरज नाही. जायचं की नाही ते सज्ञान तक्रारदार ठरवेल. गटाने तिला ना ढकलायचं, ना अडवायचं.

वर्ष संपल्यावर प्रश्न येतो, ‘आता त्यांना परत शिकवू द्यायचं का?’ तेव्हा सगळे त्यांच्या चेहऱ्यावरचा बदल वाचायला बसतात. ते सोडा आणि यादी काढा. खोल्यांच्या किल्ल्या कुणाकडे आहेत? बँकेत सही कुणाची? व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचा अ‍ॅडमिन कोण? साधकांच्या खासगी मुलाखतींची ध्वनिमुद्रणं कुणाच्या लॅपटॉपवर? बारा महिन्यांपूर्वी या चारही प्रश्नांना एकच नाव होतं. आजही तेच असेल, तर पुढच्या शिबिराचे नोंदणी अर्ज छापू नका.